दोन मातींची चूल

सुमनबाईंकडं रिकाम्या हातानं चूल घ्यायला गेलं, तर पाणी मिळायचं, चहा मिळायचा, चूल मिळायची नाही. "जुनीची माती आना आदी," एवढं बोलून त्या पुन्हा आपल्या कामाला लागायच्या. गिऱ्हाईक सोनईचं असो की शिंगणापूरच्या पलीकडचं, बाई पायी आलेली असो की नवऱ्याच्या मोटारसायकलवर, नियम एकच. घरातली जुनी चूल मोडायची, तिची भाजलेली माती पिशवीत भरून आणायची. सुमनबाई ती कुटून, चाळून नव्या मातीत कालवायच्या आणि त्यातून नवी चूल उभी राहायची. भाजलेली माती पोटात असली की नवी चूल तडकत नाही, असं त्यांचं म्हणणं. खरं असावं, कारण त्यांची चूल तडकलेली मी तरी पाहिली नाही.

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते, आणि मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. पुढं जे लिहिणार आहे त्यात तो दिसेल. दिसू दे.

सुमनबाई काही कुंभाराच्या नव्हेत. घरची थोडी शेती, कालव्याच्या चारीच्या अगदी शेवटाला, त्यामुळं पाणी आलं तर आलं. मुलगा सुनील दुधाचा टेम्पो चालवतो, सून रेश्मा शेतावर जाते. चुली करायचं काम सुमनबाईंना सासूनं शिकवलं, आणि त्यांच्या सगळ्या आयुष्यात त्यांचं स्वतःचं म्हणून जे होतं ते हेच. चुलीचे पैसे त्या कुणाच्या हातात देत नसत. मुलगा, सून, नवरा होता तेव्हा नवरासुद्धा, कुणीच त्या पैशाला हात लावायचा नाही.

त्यांच्या नियमाची गंमत भिमाजीच्या घरात सगळ्या गावानं पाहिली होती. भिमाजी आणि आदिनाथ हे दोघे भाऊ वेगळे झाले. शेत वाटलं, भांडी वाटली, म्हशींवरून थोडी बाचाबाची झाली तीही मिटली. पण थोरल्या भिमाजीची बायको बनुबाई एकत्रातली मोठी चूल सोडायला तयार होईना. "धाकटीनं तिच्यापुरती नवी आनावी. माझी मी का मोडू?" सुमनबाई गेल्या आणि त्यांच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसल्या. म्हणाल्या, "एकीनंच नव्यानं मांडायचं आन दुसरीनं हाय तसं ठिवायचं, ह्याला वाटनी म्हनत न्हाईत. मोडा ती. माती निम्मी निम्मी करा, दोगींनी बी आना, मी दोन करून देते." बनुबाई दोन दिवस फुगून बसली आणि तिसऱ्या दिवशी माती घेऊन आली. आजही त्या दोन जावांचं पटत नाही, पण चुलीवरून कुणी कुणाला बोलत नाही.

एवढं सगळं धुरात केलं, तर छाती कुठून राहणार? नवी चूल सुकली की तिच्यात गोवऱ्या रचून त्या दिवसभर धग देत आणि शेजारीच बसून राहात. डोळे कायम लाल, खोकला कायम सोबतीला. नगरला डॉक्टरांनी फोटो काढला आणि विचारलं, "आजी, दिवसाला किती विड्या ओढता?" सुमनबाईंना तो अपमान घरी येईपर्यंत पुरला. "मी तमाकूला बी शिवले न्हाई कदी, आन त्यो मला इडीवाली समजतो!" डॉक्टर म्हणाले होते, धूर सोडा. त्यांच्या दृष्टीनं तो दोन शब्दांचा सल्ला होता. सुमनबाईंच्या दृष्टीनं छाती वाचवायची तर हातातलं काम सोडायचं, आणि काम सोडलं की सुनेच्या हाताखालची म्हातारी होऊन बसायचं, असा तो हिशेब होता. घरात सरकारी सिलिंडर होतं. ते पाहुण्यांच्या चहापुरतं पेटायचं आणि संपलं की पुढच्या पगाराची वाट बघत कोपऱ्यात बसायचं.

अशात हनुमंत आला. हनुमंत म्हणजे सुमनबाईंच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा, त्यांनीच थोडाफार वाढवलेला. त्याला एका संस्थेत नोकरी लागली होती. युरोपातल्या एका श्रीमंत देशातली कंपनी पैसे देणार आणि ही संस्था गावोगाव धूर न करणाऱ्या लोखंडी शेगड्या वाटणार. शेगडीला बारका पंखा, पंख्याला बॅटरी, बॅटरीला छपरावरची सोलर प्लेट. जळण म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या, त्या संस्थाच आणून देणार. सगळं फुकट. अट एवढीच की घरातली जुनी चूल फोडायची आणि फोडताना फोटो काढू द्यायचा.

मारुतीच्या देवळापुढं बायकांची बैठक झाली. माहितीपत्रक इंग्रजीत होतं म्हणून मला बोलावलं होतं. हनुमंतच्या शर्टावर सतरा रंगांच्या चाकाचा बिल्ला होता. सुमनबाईंनी पहिला प्रश्न त्याचाच विचारला.

"ह्ये रंगीत चाक कसलं रं?"

"मावशे, ही जगाची सतरा कामं हायेत. दोन हजार तीसच्या आत करायची ठरलीत. भूक हटवायची, रोगराई हटवायची, धूर कमी करायचा..."

"कुनी करायची?"

हनुमंतनं माझ्याकडं पाहिलं. मी पत्रकात होतं तेच सांगितलं. "सगळ्या देशांनी, काकू. गरीब, श्रीमंत, सगळ्यांनी सह्या केल्यात."

"श्रीमंतांच्यात बी चुली हायेत व्हय?"

"चुली नाहीत, पण धूर आहे. गाड्यांचा, विमानांचा, कारखान्यांचा, घरं गरम ठेवायचा. माणशी आपल्याहून कितीतरी जास्त."

"आन ते बी मोडनार?"

"कबूल तरी केलंय."

सुमनबाईंनी पदर सावरला. "मंग हरकत न्हाई. दोगांनी बी मोडायची म्हनल्यावर मी कशाला मागं ऱ्हाऊ?"

बैठकीत बायका हसल्या. मीही हसले. सुमनबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी भिमाजीच्या उंबऱ्यावर बसून जो न्याय केला होता, तोच आता जगात होतोय असं त्यांना मनापासून वाटलं होतं. त्यात वेडगळ काय होतं ते मला आजही कळत नाही. सह्या तर खरंच सगळ्यांनी केल्या होत्या.

त्यांनी आपली चूल मोडली ती सणासारखी. आधी सारवली, हळदकुंकू वाहिलं, भाकरीचा तुकडा आणि दूध ठेवलं. सासूच्या चुलीची माती त्या चुलीत होती, आणि सासूच्या सासूची तिच्यात. मग हातात मुसळ घेतलं. हनुमंत मोबाईल धरून उभा. "मावशे, जरा हस की." त्या हसल्या. एका घावात चूल बसली. त्यांनी खाली वाकून सगळी माती, अगदी चिमटीत येईल ती धूळसुद्धा, युरियाच्या रिकाम्या गोणीत भरली आणि तोंड सुतळीनं बांधलं.

"काकू, आता ही कशाला?" मी विचारलं.

"त्यांची माती आली की हिच्यात कालवीन. दोगांची मिळून एक चूल करीन. पेटवायची न्हाई, नुसती ठिवायची देवळात."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गिऱ्हाईक घेणं बंद केलं. लांबलांबून बायका मातीची पिशवी घेऊन यायच्या आणि तशाच परत जायच्या. "मी मोडली हाय," एवढंच उत्तर. नेवाशाकडची एक म्हातारी तर दारात बसून रडली, तिला त्यांनी जेवायला घालून परत पाठवलं.

आता गावातल्या बाकीच्या बायकांचं सांगते. त्यांनी सुमनबाईंसारखा विचार केला नाही, हे त्यांचं शहाणपण. बनुबाईनं चिखलाचे चार गोळे एकमेकांवर थापून घटकाभरात एक चूल उभी केली, ओली असतानाच हातोडा घातला, फोटो दिला, शेगडी घेतली. खरी चूल म्हशीच्या गोठ्यामागं. तिचं बघून बहुतेकींनी तेच केलं. फोडायच्या चुलींचा तो नमुना पाहून सुमनबाईंचा संताप झाला. "अगं भवाने, फोडायची झाली तरी चूल नीट कर की! ह्याला चूल म्हनतात का चिखल?" बनुबाई म्हणाली, "आत्या, फोटूत काय कळतंय?" तिचं खरं होतं. हनुमंतला सगळं ठाऊक होतं. गोठ्यामागचा धूर फोटोत येऊ नये अशा कोनात तो उभा राहायचा. त्याला आकडा पुरा करायचा होता, त्याच्या साहेबाला त्याच्याहून मोठा आकडा पुरा करायचा होता, आणि त्या देशाला सगळ्यांत मोठा.

शेगडी मात्र चांगली होती, हे मला मान्य करावं लागेल. धूर नाही, भांड्याला काजळी नाही. काही महिन्यांत सुमनबाईंचा खोकला पुष्कळ उतरला. आडवं पडून झोप लागते, हे त्या मला रस्त्यात थांबवून सांगायच्या, कारण कित्येक वर्षं त्या भिंतीला टेकून झोपत होत्या. हातात काम नव्हतं म्हणून चिडचिड करायच्या. अंगणात बसून रेश्माच्या भाकरीतल्या चुका काढायच्या. पण श्वास होता. "त्यांची माती येऊ दे, मंग बगू," असं म्हणून गोणीकडं हात करायच्या.

पुढच्या हिवाळ्यात पाहुणे आले. शिर्डीला विमानानं उतरले, शिंगणापूरला दर्शन घेतलं, बिनदाराची घरं बघून हरखून गेले आणि मग तीन गाड्या भरून आमच्या गावात. त्यांच्यात मार्टिना नावाची एक तरुण बाई होती, कंपनीच्या या सगळ्या कामाची मुख्य. स्वभावानं गोड. चप्पल बाहेर काढून घरात आली, सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली, चहा आवडीनं प्याली. मला तिचा राग धरणं जड जात होतं.

तिनं आपल्या मोबाईलवर एक फोटो दाखवला. त्यांच्या देशातल्या विमानतळाची भिंत, आणि त्या भिंतीवर दोन माणसांच्या उंचीची सुमनबाई. हातात मुसळ, चेहऱ्यावर हनुमंतनं मागितलेलं हसू. घरात एकच कल्ला झाला. रेश्मानं तोंडावर पदर धरला, सुनील फोटोचा फोटो काढायला लागला.

"खाली काय लिवलंय, बाई?" सुमनबाईंनी मला विचारलं.

मी वाचलं. मग परत वाचलं. "लिहिलंय, निश्चिंत प्रवास करा. तुमचा धूर सुमननं भरून काढलाय."

"मंजी?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांना आठवण झाली होती. त्या उठल्या, कोपऱ्यातली गोणी ओढत आणली आणि मार्टिनाच्या पुढ्यात ठेवली. सुतळी सोडली. "ही माझी. हिला म्हनावं, तुमची आनली का?"

मार्टिनाला वाटलं भेट आहे. तिनं दोन्ही हात जोडले आणि गोणीतल्या मातीला हात लावला. हनुमंत घाईघाईनं तिला इंग्रजीत म्हणाला, "मावशी तुमचं स्वागत करतेय." मग मात्र मला राहवलं नाही. मी हनुमंतला गप्प बसवलं आणि सगळं नीट सांगितलं. चुलीचा नियम, दोघींची वाटणी, देवळापुढची बैठक, सतरा रंगांचं चाक, आणि ही बाई वर्षभर कशाची वाट बघतेय ते.

मार्टिनाचा चेहरा लाल झाला. खोटं बोलली नाही ती. म्हणाली, "आमच्याकडं हे फार अवघड आहे. लोकांना आपली गाडी हवी, गरम घर हवं, विमान हवं. कमी करा म्हणणाऱ्या सरकारला ते निवडून देत नाहीत. तिकडं एक वाटा धूर कमी करायला जेवढा खर्च येतो, तेवढ्यात इकडं कितीतरी वाटे कमी होतात. म्हणून आम्ही इकडचा कमी करतो आणि तिकडच्या हिशेबात धरतो. आकाशाला कुठं कळतं धूर कुणाचा ते?"

मी शब्दाला शब्द लावून सांगितलं. सुमनबाई ऐकत होत्या.

"मंजी माजी चूल गेली, ती त्यांनी मोडली असं धरायचं?"

"हो."

"आन त्यांची हाय तशीच?"

"हो."

"दोन्ही मिळून एकच मोडली की मंग."

"हो, काकू. एकच."

खरं तर सगळ्या गावाची मिळून एकच म्हणायला हवं होतं, कारण गोठ्यामागच्या सगळ्या शाबूत होत्या. विमानतळाच्या भिंतीवर ज्या चुलींच्या जोरावर ते लिहिलं होतं त्यांतली खरोखर मोडलेली चूल आमच्या सगळ्या गावात ही एकटीची.

सुमनबाईंनी गोणीचं तोंड परत बांधलं. "ह्याला वाटनी म्हनत न्हाईत," त्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही, भिमाजीच्या दारात म्हणाल्या होत्या त्याच्या निम्म्या आवाजातही नाही. मार्टिनानं विचारलं, काय म्हणाल्या? मी तोंड उघडायच्या आत हनुमंत म्हणाला, "मावशी तुमचे आभार मानतेय," आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा बोलायला लागले तेव्हा गाड्या सुरू झाल्या होत्या, त्यांना संगमनेरला अंधार पडायच्या आत पोचायचं होतं.

त्या संध्याकाळी सुमनबाई अंगणात माती कालवायला बसल्या. पाणी घेतलं, भुसा घेतला, गोणी सोडली. रागारागानं ढेकळं फोडत होत्या, पण मला बरं वाटलं. तेवढ्यात हनुमंत पळत आला आणि त्यांच्या पायाशी बसला.

"मावशे, बाकी कुनी काय बी करू दे, तू न्हाई करायची. फोटू तुजा हाय. तपासनीवाले आले की पयले तुज्याच घरी येत्यात. तुज्याकडं चूल घावली तर सगळ्या गावाच्या शेगड्या काढून नेत्याल, आन माजी नोकरी जाईल. मला दोन पोरी हायेत, मावशे."

बहिणीचा मुलगा. त्यांनी त्याला अंगाखांद्यावर वाढवलेला. सुमनबाईंनी हातातली माती गोणीत झाडली. मग हात धुतले आणि गोणी परत बांधली. हनुमंतवर माझा राग आहे तो तिथून सुरू होतो, आणि त्याच्या दोन पोरी माझ्याच वर्गात आहेत म्हणून तो मी कुठं नेऊन टाकावा ते मला कळत नाही.

वर्ष पालटलं आणि कांड्यांची गाडी येईनाशी झाली. आधी उशिरा यायची, मग अर्धी यायची, मग नाहीच. संस्थेचं काम पुढच्या जिल्ह्यात गेलं होतं. पुढचे जिल्हे पुष्कळ आहेत आपल्याकडं. शेगडीत कपाशीच्या पऱ्हाट्या घालून पाहिल्या तर पंखा राखेनं बसला. दुरुस्तीचा नंबर लागायचा तो कुठल्या तरी मुलीला, आणि ती हिंदीत दिलगिरी व्यक्त करायची. गावाला काही फरक पडला नाही. गोठ्यामागच्या चुली पुन्हा अंगणात आल्या. बनुबाईच्या शेगडीत कोंबडी अंडी घालते आणि ती सांगते, पंखा बंद असल्यामुळं कोंबडीला सोयीचं पडतं.

फरक पडला तो एका घरात. सुमनबाईंच्या घरात चूल नव्हती आणि करायची सोय नव्हती. मग अंगणात तीन दगड मांडले. रस्त्यावर जीप दिसली की रेश्मानं ते लाथेनं तिकडं उडवायचे, राख झाडायची, वर पाटी पालथी घालायची. सुमनबाईंच्या चुलीला आडोसा होता, जाळ भांड्याखाली राहायचा. तीन दगडांना काय आडोसा? वारा येईल तिकडं जाळ, आणि जाळ नसेल तिकडं धूर. रेश्मा शेतावर गेली की त्या धुराशी सुमनबाईच बसायच्या. जिनं पंचक्रोशीला चुली दिल्या ती बाई तीन दगडांवर भाकरी भाजत होती आणि ते बघून माझं डोकं फिरायचं.

"काकू, करा की चूल. कोण बघतंय?"

"फोटू बगतोय."

"आग लावा त्या फोटोला."

"हनम्याचं काय करू मंग?"

मी त्यांना म्हटलं, माझ्याकडं गॅसवर करत जा. थोडे दिवस आल्या. मग म्हणाल्या, "बाई, रोज दुसऱ्याच्या घरात भाकरी भाजायची मंजी भीकच की," आणि यायच्या बंद झाल्या. खोकला परत आला, या वेळी पूर्ण ताकदीनं. पुन्हा भिंतीला टेकून झोपायला लागल्या. रेश्मा भांडून त्यांना दगडांपासून उठवायची, आणि ती शेतावर गेली की त्या परत बसायच्या. चूल नाही म्हणून सुनीलला गार खाऊ घालणं त्यांना जमत नव्हतं.

यंदा थंडी सरताना नगरच्या दवाखान्यात त्या वारल्या. नव्या डॉक्टरनं जुनाच प्रश्न विचारला, विडी ओढायच्या का. रेश्मा त्याच्या अंगावर धावून गेली असं सुनील सांगतो.

आमच्याकडं माणूस गेलं की त्या घरात जाळ करत नाहीत. भाऊबंद, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी करून पोचवतात. सुनीलनं ते तीन दगड उचलून ओढ्यात टाकले. सगळ्या आळीत धूर होता, कारण सगळ्या आळीत त्या एका घरासाठी स्वयंपाक चालला होता, आणि तो सगळा सुमनबाईंनी केलेल्या चुलींवर. अशा सुतकात तपासणी आली. एकच गोरा माणूस, हातात टॅब, सोबत हनुमंत. त्याच्या अंगात तोच शर्ट, छातीवर तेच चाक, डोळे सुजलेले. सुट्टी मागायची हिंमत त्याला झाली नव्हती. जीपचा आवाज ऐकून आळीतल्या बायकांनी चुलींवर पाणी ओतलं.

हनुमंतला बोलणं सुधरत नव्हतं, म्हणून पुन्हा मलाच बोलावलं.

घरात मातीची चूल आहे का? नाही. अंगणात? नाही. आज घरात धूर झाला का? नाही. उघड्यावर जाळ शेवटचा कधी केला? मी सुनीलला विचारलं. तो भिंतीकडं बघत म्हणाला, "आई गेल्यापासनं जाळ न्हाई घरात." मी ते आहे तसं इंग्रजीत सांगितलं. फोटोतली बाई ती हीच, हेही सांगितलं. छातीत धूर बसून मेली, हेही.

त्यानं टोपी काढली. खाली मान घालून उभा राहिला, आणि मनापासून म्हणाला की फार वाईट झालं. मग टोपी घातली आणि टॅबवर बोट टेकवलं. हिरवी खूण उमटली. धूर नाही, चूल नाही, जाळ नाही. कोपऱ्यातली गोणी सोडून त्यानं आतली माती बघितली, तिचा फोटो घेतला, गोणीवर एक नंबर चिकटवला. जाताना हनुमंतला म्हणाला की आजपर्यंत पाहिलेल्या घरांमधलं हे सगळ्यांत चांगलं घर.

जीप लांब गेल्यावर बनुबाई भाकरीची टोपली घेऊन आली. चूल विझवावी लागल्यामुळं निम्म्या भाकरी कच्च्या होत्या आणि निम्म्या गार. सगळ्यांनी त्याच खाल्ल्या.

दहावं झालं तेव्हा हनुमंत परत आला. रेश्मा गोणी उचलून अंगणात आणत होती. तिला सासूच्या मातीतून चूल करायची होती, शिकली होती ती बघून बघून. हनुमंतनं तिचा हात धरला. "वयनी, तिला हात नका लावू. नंबर पडलाय तिच्यावर. कंपनीचा पुरावा हाय त्यो, हिशेब बंद होईस्तोवर जागचा हालवायचा न्हाई."

"कवा बंद हुतोय?"

"दोन हजार तीसला."

रेश्मानं गोणी जिथं होती तिथं नेऊन ठेवली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बाई, त्या कंपनीवाल्यान्ला इचारा की, तवर आमी सयपाक कशावर करायचा?"

मी इंग्रजीची मास्तरीण. वाक्य सोपं होतं, पाचवीतल्या पोरालाही भाषांतर करता आलं असतं. पण ऐकायला समोर हनुमंतशिवाय कुणी नव्हतं, आणि त्याला मराठी येत होतं.